व्हिएतनामचे चुनखडक आणि माझ्या नणंदबाई

माझ्या नणंदबाई बोर्ली पंचतनजवळच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. लग्न केलं नाही. तिथेच दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिल्या, आणि शाळेला सुट्टी लागली की नागावला आमच्याकडे यायच्या. निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. श्रीफळ त्यांनी आम्हाला आणून दिलं. आमची नारळाची वाडी आहे. ते श्रीफळ बाकीच्या नारळांत मिसळलं आणि पुन्हा ओळखू आलं नाही.

त्याच दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "मला व्हिएतनामला जायचंय. चुनखडक बघायला."

माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाने, ताटातून मान वर केली. "चुनखडक म्हणजे काय गं ताई?"

"तुला शिकवला होता मी," वन्सं म्हणाल्या आणि आमटी वाढून घेतली.

मग मलाच त्यांनी समजावून सांगितलं. आपल्याकडे कुठेही खणा, काळा कातळच लागतो. पण चुनखडक पाण्यात विरघळतो. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, आत गुहा तयार होतात, गुहेच्या छतातून थेंब गळतात आणि त्या थेंबांतल्या चुन्याचे वरून खाली आणि खालून वर खांब वाढतात. लवणस्तंभ. तीस वर्षं वन्संनी हे खांब रंगीत खडूने फळ्यावर काढले होते. प्रत्यक्षात एकही पाहिला नव्हता. पुस्तकात व्हिएतनामच्या एका उपसागराचा फोटो होता, समुद्रातून वर आलेले चुनखडकाचे डोंगर. तो इतका काळा छापला जायचा की मुलं त्याला कोळशाचा ढीग म्हणायची. दरवर्षी वर्गातलं कुणीतरी विचारायचंच, "बाई, तुम्ही बघितलेत?" आणि दरवर्षी बाई सांगायच्या, "पुस्तकात आहेत ना? मग आहेत."

"एकटी कशी जाशील?" नवरा म्हणाला. त्याने थोडा विचार केला. "तिकडे मासे बरे मिळतात म्हणे."

अशा रीतीने आम्ही तिघं जायचं ठरलं. आमच्याकडे भाड्याने येणाऱ्या पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. बारा वर्षं मी लोकांच्या सुट्ट्या बघत आले होते, त्यामुळे सुट्टी म्हणजे चादरी असं माझ्या डोक्यात बसलेलं. फेब्रुवारीत आठ दिवस खोल्या बंद ठेवल्या, मांडव्याहून सकाळची बोट धरली आणि गेलो.

सहलीत बत्तीस माणसं होती. आमचा टूर मॅनेजर चाळिशीचा, डोंबिवलीचा, हातात छत्रीच्या काठीला बांधलेला भगवा रुमाल. पहिल्याच दिवशी त्याने वचन दिलं, "परदेशात आहोत असं जेवताना वाटणारच नाही तुम्हाला." हे वचन त्याने शेवटपर्यंत पाळलं. आठही दिवस आम्ही पनीर, दाल तडका आणि जीरा राईस खाल्ला. जेवणाच्या हॉलला मोठ्या काचा असायच्या. काचेपलीकडे फुटपाथवर लहानशा प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून व्हिएतनामी माणसं मासे खायची. नवरा पनीर चावत त्यांच्याकडे बघत राहायचा.

हनोईत आम्हाला एका तलावावर नेलं. त्या तलावातलं कासव फार प्रसिद्ध आहे. ते मेलेलं होतं आणि देवळात काचेच्या पेटीत ठेवलेलं होतं. शेजारच्या पेटीत त्याच्या आधी मेलेलं कासव होतं. पुण्याच्या एका काकांनी दोन्ही कासवांबरोबर वेगवेगळे फोटो काढून घेतले. मग पाण्यावर नाचणाऱ्या बाहुल्यांचा खेळ. त्यातली सुरुवातीची आणि शेवटची बाहुली मी पाहिली. मधल्या वेळेत खुर्ची चांगली होती.

मला स्वतःला हनोईत आवडलं ते रस्ता ओलांडणं. तिथे स्कूटरी पाण्यासारख्या वाहतात. थांबत कुणीच नाही. टूर मॅनेजरने आम्हाला कडेला उभं करून सांगितलं, "सरळ चालत राहायचं. थांबायचं नाही, पळायचं नाही आणि मागे वळायचं नाही. ते तुम्हाला चुकवून जातील." लग्नाच्या वेळी मला कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. मी चालत गेले. दोन्ही बाजूंनी शेकडो स्कूटरी मला वळसा घालून गेल्या. पलीकडे पोचल्यावर इतकं बरं वाटलं की मी परत अलीकडे आले.

वन्सं या सगळ्यात कुठेच नव्हत्या. म्हणजे बरोबर असायच्या, मोजणीत सापडायच्या, पण कासव असो की बाहुल्या, त्या एकच प्रश्न विचारायच्या. "हालाँगला कधी?"

हालाँगला सहाव्या दिवशी गेलो. पुस्तकातला उपसागर तो हाच. बस किनाऱ्याला लागली तेव्हा समोर धुकं होतं. बोटीत बसलो, बोट सुटली, धुकं तसंच. वरच्या डेकवर लाकडी खुर्च्या मांडलेल्या होत्या. वन्संनी पुढची खुर्ची धरली, चष्मा पुसला आणि समोर बघत बसल्या. समोर पांढरं होतं. डाव्या बाजूला पांढरं होतं. उजवीकडे मध्येच काहीतरी करडं आलं तेव्हा सगळे उठून तिकडे धावले. ती दुसरी बोट होती.

"काय नाय दिसत," नवरा म्हणाला.

"सीझनच आहे हा," टूर मॅनेजर म्हणाला. "दोन्ही बाजूंना डोंगर आहेत बरं का. आत्ता आपण अगदी मधून चाललोय. फील करा."

बत्तीस माणसांनी थोडा वेळ फील केलं. मग ठाण्याच्या बायकांनी अंताक्षरी सुरू केली. आमच्याकडे पाहुणे येतात आणि पावसात समुद्र दिसत नाही म्हणून माझ्याकडे तक्रार करतात, तेव्हा मी त्यांना कांदाभजी करून देते. त्या बोटीवर कुणीतरी कांदाभजी करायला हवी होती. मी वन्संच्या शेजारी जाऊन बसले.

"परतताना निघेल धुकं," मी म्हटलं.

"हे बाष्पाचं संघनन आहे," वन्सं म्हणाल्या. "गार पाण्यावरून दमट वारा आला की होतं. बरोबर आहे त्याचं." एवढं बोलून त्या पुन्हा समोरच्या पांढऱ्याकडे बघायला लागल्या. तीस वर्षांत वर्गात त्यांनी कधी डोळे पुसले असतील असं मला वाटत नाही. बोटीवर त्या चष्मा फार वेळा पुसत होत्या.

तासाभराने बोट एका बेटाला लागली. बेट आहे हे पायऱ्या लागल्यावर कळलं. वर गुहा होती. आत शिरलो आणि मी वन्संचा हात धरला, कारण त्या मध्येच थांबल्या होत्या. छत उंच, आणि छतापासून खाली सगळे ते खांब. फळ्यावर असायचे तसेच, फक्त जांभळे. काही हिरवे होते, काही गुलाबी. लाईट लावले होते. कोपऱ्याकोपऱ्यांत चोच उघडलेले मोठे पेंग्विन उभे होते, त्यांच्या चोचीत कचरा टाकायचा. व्हिएतनामच्या गुहेत पेंग्विन का, हे मी टूर मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, छान दिसतात."

तिथली गाईड बॅटरीचा झोत टाकून दाखवत होती. हा ड्रॅगन, हे कासव, हे नवरा-बायको. लोक "हो हो, नाक बघ" म्हणत होते. वन्संनी इंग्रजीत विचारलं, "हे अजून वाढतंय की थांबलंय?" गाईडने हसून पुन्हा ड्रॅगनवर झोत टाकला.

तेव्हा वन्संनी आपणच शोधायचं ठरवलं. वाटेपासून हातभर आत एक बारीक खांब छतातून खाली आला होता, ओलसर दिसत होता. त्याच्याखाली कठड्याला टेकून त्यांनी हात पुढे धरला, तळवा वर करून.

"वन्सं, काय करताय?"

"थेंब पडतो का बघते. पडला तर जिवंत आहे."

गट पुढे गेला. मागून कोरियाचा एक गट आला, आम्हाला वळसा घालून गेला. त्यांच्यामागून आणखी एक. नवरा जाऊन परत आला. "ताई, सगळे बोटीवर चढतायत."

"चढू देत."

"जेवण लागलंय."

"पनीरच आहे," वन्सं म्हणाल्या. नवराही कठड्याला टेकला. आम्ही तिघं त्या जांभळ्या उजेडात एका दगडाच्या टोकाकडे बघत उभे होतो. टोकावर पाणी जमत होतं, चमकत होतं, पण सुटत नव्हतं. खालून बोटीचा भोंगा वाजला. दुसऱ्यांदा वाजला.

मग थेंब पडला. बरोबर वन्संच्या तळव्यावर. त्यांनी तो नीट बघितला आणि चाटला.

"कसा लागतो?" मी विचारलं.

"पाण्यासारखा," वन्सं म्हणाल्या. तेवढ्यात त्यांना काही सुचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं, हा खाली पडायचा होता. खालच्या खांबावर."

बोटीवर टूर मॅनेजर आमच्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही. आमच्यामुळे बाकीच्यांचं छोट्या होड्यांतून फिरणं रद्द झालं होतं. पुण्याच्या काकांनी, एका थेंबासाठी बत्तीस लोकांना थांबवायचं म्हणजे काय, असं मोठ्याने विचारलं. वन्संनी त्यांना थेंब कसा तयार होतो ते पहिल्यापासून सांगितलं. त्यानंतर काका आमच्या टेबलाकडे आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या वाटेवर बस मोत्यांच्या एका मोठ्या दुकानापाशी थांबली. इथे दीड तास होता. उपसागराला अर्धाच दिवस मिळाला होता, हे वन्संनी मला कानात सांगितलं. आत एक मुलगी शिंपला उघडून मोती काढून दाखवत होती आणि आमच्या सगळ्या बायका तिच्याभोवती होत्या. वन्सं बाथरूम शोधायला म्हणून मागच्या दाराने गेल्या आणि आल्याच नाहीत. मी त्यांना बघायला गेले.

दुकानाच्या मागे नोकरांच्या स्कूटरी लावलेल्या होत्या, दोरीवर एप्रन वाळत होते, आणि त्यांच्यापलीकडे समुद्र होता. धुकं अर्धं उठलं होतं. पाण्यातून तीन डोंगर सरळ वर आले होते, डोक्यावर झाडी घेऊन, बाजूला काही नाही. चौथा अजून पांढऱ्यात होता. वन्सं हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या, परीक्षेत वर्गावर लक्ष ठेवायला बाई उभ्या राहतात तशा.

मी पण उभी राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आमच्याकडे समुद्र सपाट असतो, लांबवर खांदेरीच्या बेटासारखं काहीतरी असलं तर असतं. असे घरासमोर उभे राहिलेले डोंगर मी पाहिले नव्हते. मला वाटलं, वन्सं आता काहीतरी मोठं बोलतील.

"बुंध्याशी बघ," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. पाण्याच्या रेषेपाशी प्रत्येक डोंगर आत कापलेला होता, सगळीकडून, कुणीतरी दातांनी कुरतडल्यासारखा.

"लाटांनी खाल्लाय. खाच पडलीय. हे पुस्तकात नव्हतं." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मी तीस वर्षं सरळ रेघ काढत आले."

"वन्सं, फोटोत दिसत नव्हतं ना. काळं छापायचे."

"मग विचार करायला हवा होता. समुद्र आहे म्हणजे लाटा आहेत. लाटा आहेत म्हणजे झीज आहे. हे मी दुसऱ्या धड्यात शिकवत होते."

"परीक्षेत विचारलं होतं का कधी?"

"नाही."

"मग राहू दे."

"राहू दे कसं?" त्यांनी वर्गातल्या स्वरात विचारलं.

आम्हाला शोधत नवरा आला. त्याला खाच दाखवली. त्याने ती बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "खाली खडकाला कालवं चिकटलेली असणार." मग त्याचं लक्ष दुकानाच्या मागच्या पायरीकडे गेलं. तिथे एक नोकर बाई डब्यातून भात आणि तळलेली लहान मासळी खात होती. ती हसली. हा हसला. तिने डबा पुढे केला. दोन मासे खाऊन नवरा बसमध्ये बसला तेव्हा त्याला विमानतळापर्यंत कशाचीच तक्रार नव्हती.

नागावला परत आल्यावर लोकांनी विचारलं, काय काय बघितलं? मी रस्ता सांगायची, नवरा मासे सांगायचा. वन्सं काही सांगत नव्हत्या. दोन दिवस त्या आमच्या ओटीवर कागद आणि पेन्सिल घेऊन बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक आकृती काढली, बुंध्याशी खाच दाखवून, बाण काढून, नावं देऊन. तिचा फोटो घेतला आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "चुनखडकाच्या बेटांची आकृती मी आपणास चुकीची शिकवली. योग्य आकृती सोबत जोडली आहे. कृपया दुरुस्ती करून घ्यावी."

बरेच हात जोडलेले आले. काही गुलाबाची फुलं. एका मुलीने, तिची मुलगी आता नववीत आहे, विचारलं, "बाई, आमचे मार्क कापणार का?" त्यावर सगळे हसले.

मग एकाचा लांबलचक निरोप आला. तो श्रीवर्धनचा, आता मोठ्या मालवाहू बोटीवर नोकरीला. त्याने लिहिलं होतं, "बाई, आमची बोट तीन वेळा हालाँगच्याच बंदरात लागली होती. मी ती खाच बघितली होती. पण तुम्ही सरळ काढलं होतं म्हणून मला वाटलं, भरतीच्या पाण्यामुळे मलाच तसं दिसत असेल."

वन्संनी चष्मा वर सरकवून तो निरोप पुन्हा वाचला. फोन मांडीवर पालथा ठेवला.

"हुशार होता," त्या म्हणाल्या. "मीच त्याला नापास केलं होतं."