दहावा माणूस

'विसरून जा आता' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. त्यांचं काही गेलेलं नसतं. माझं गेलं, आणि ज्याने ते घालवलं त्याचं उट्टं मी काढलं. म्हातारपणी जे थोडकं समाधान उरलंय, त्यात त्या सकाळचा वाटा मोठा आहे.

माझा बाप कोकणातला बेने इस्राएल, म्हणजे इथलाच यहुदी, कंपनीच्या पलटणीत शिपाई. पेन्शन घेऊन तो केळापूरजवळ राहिला, इथल्याच एका बाईशी लग्न केलं आणि पिढीजात धंदा म्हणून तेलाचा घाणा घातला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात आम्ही शनवारतेली. आई वऱ्हाडातली, पण शनिवारच्या विसाव्याचा शब्बाथ तिने पाळला तो बापापेक्षा कडक. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत तिची चूल विझलेली असायची, आणि शनिवारी पाहुणा आला तरी त्याला गार भाकरच मिळायची. बाप वारल्यावर तेलकट हातांनी तिनेच घाणा चालवला आणि मला वाढवलं.

मग अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेला आमच्या कापसाची हाव सुटली. पांढरकवड्यात वखारी उघडल्या, मुंबईचे दलाल आले, त्यांच्यामागून कारकून आणि तोलारी आले. त्यांत आमचे लोक बरेच होते. आयुष्यात प्रथमच मी शब्बाथची प्रार्थना दहा-वीस गळ्यांनी म्हटलेली ऐकली. बाप असता तर रडला असता.

या मंडळींचा पुढारी एका वखारीचा बडा कारकून होता. सगळे त्याला मुकादम म्हणत. माणूस सुधारक. मुलींना शिकवा, विधवांची लग्नं लावा, हिंदूंच्या चालीरीती सोडा, आपण इस्राएल आहोत हे छातीवर हात ठेवून सांगा, असं तो दर शनिवारी बोलायचा, आणि बोलायचाही झकास. शनवारतेली हे नाव कानावर आलं की मात्र त्याचं तोंड आंबट व्हायचं. माझ्या घाण्यासमोरून जाताना तो उपरणं नाकाला लावायचा. एकदा कचेरीतल्या एका ब्राह्मण कारकुनाने त्याला वरून पाणी ओतलं, भांडं हातात दिलं नाही. तो अपमान त्याने पुढे कित्येक शनिवार आम्हांला ऐकवला. 'माणसाने माणसाला असं वागवावं?' असं म्हणताना त्याचा आवाज कापायचा.

आणि त्याच बैठकीत मनुकांच्या सरबताचा पेला आशीर्वाद म्हणून फिरायचा. सगळे त्याच पेल्याला ओठ लावायचे. माझी पाळी आली की मुकादम म्हणायचा, 'ओंजळ धर.' बापाने परजातीतली बायको केली, म्हणून मी काळा इस्राएल आणि ते गोरे. आईला तर उंबऱ्याच्या आत घेतच नसत. ती ओसरीवर बसून आमेन म्हणायची, आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती म्हणायची, 'जाऊ दे बापा. देव का त्याहिच्या पेल्यातून पेते?'

लढाई संपली तसा भाव कोसळला. दलालांचं दिवाळं वाजलं, वखारींत कुत्री झोपू लागली. एकेक कुटुंब बाडबिस्तरा बांधून मुंबईच्या वाटेला लागलं. मुकादम थांबला, कारण वखारीचा उरलासुरला माल त्याच्या ताब्यात होता. त्याच्यासकट नऊ पुरुष राहिले. आणि मी.

त्याच उन्हाळ्यात आई तापाने गेली. शुद्धीवर होती तोवर तिने एकच मागितलं. 'माह्यासाठी तुमचं ते कद्दिश म्हनजो. मंग मी तुमचीच झाली.' कद्दिश ही मेलेल्या आईबापांसाठी मुलाने म्हणायची प्रार्थना. ती एकट्याने होत नाही, आमेन म्हणायला, त्याला स्वतःला धरून, दहा पुरुष उभे लागतात.

कबरस्तानाच्या बाभळीच्या कुंपणाबाहेर तिला जागा मिळाली. तेही मी गिळलं. खड्डा बुजवून मी मुकादमाकडे गेलो आणि कद्दिशसाठी सगळ्यांना बोलवायला सांगितलं.

'दहा लागतात,' तो म्हणाला. 'आम्ही नऊच आहोत.'

'माझ्यासकट दहा होतात.'

'तू मोजणीत नाहीस,' तो म्हणाला. रागाने नाही, तोलाऱ्याने वजन सांगावं तसं. आणि दार लोटून घेतलं.

मी परत जाऊन एकट्यानेच कद्दिश म्हटलं. आमेनची जागा आली की थांबायचो. बाभळीवर कावळे ओरडत होते. त्या दिवशी मी ठरवलं की याला सोडायचं नाही. काय करीन ते माहीत नव्हतं, पण सोडणार नाही एवढं पक्कं होतं.

पुढच्या वर्षी मुकादमाची आई वारली. तो माझ्या घाण्यावर आला, आयुष्यात पहिल्यांदाच. उपरणं नाकाला नव्हतं. डोळे सुजलेले. 'आईचं कद्दिश म्हणायचंय,' तो म्हणाला. 'तुझ्यासकट दहा होतात.' माझंच वाक्य माझ्यापुढे ठेवताना त्याला काही आठवत असल्याचं दिसलं नाही. त्याचा मला अधिकच संताप आला.

'येतो,' मी म्हणालो. 'पण माझी आई आधी गेली. आधी तिचं कद्दिश होईल.'

त्याने घाण्याच्या बैलाकडे पाहिलं. मग होकारार्थी मान हलवली.

सकाळी म्हातारीला माती दिली आणि मी सगळ्यांना कुंपणाबाहेर बोलावलं. आठजण मुकादमाच्या तोंडाकडे पाहू लागले. तो पुढे झाला. बाभळीच्या काट्यात त्याचा अंगरखा अडकून फाटला, तरी तो आला. मी आईच्या मातीशी उभा राहून सावकाश, एकही अक्षर न गिळता कद्दिश म्हटलं. प्रत्येक आमेनला मी फक्त त्याचा आवाज वेगळा ऐकत होतो. तो आमेन म्हणत होता. माझ्या आईसाठी, नीट ऐकू येईल असं. माय, झाली तू त्यांची, मी मनात म्हणालो, आणि मला रडू आलं.

मग सगळे आत परतले. मुकादम नव्या मातीपाशी गेला, पुस्तक उघडलं, आणि त्याला दिसलं की मी कुंपणाबाहेरच उभा आहे.

'ये ना, उभा राहा.'

'कायले?' मी म्हणालो. 'मी मोजणीत नाही.'

'तू शब्द दिला होतास.'

'येतो म्हनलो होतो. आलो.'

त्याने पुस्तक काखेत धरून हात जोडले. 'अरे, माझी आई आहे ती.'

'ते बी आईच होती.'

मी चालू लागलो. मागे वळून पाहिलं नाही असं लिहिलं तर मोठेपणा दिसेल, पण मी पाहिलं. चांगला थांबून, डोळे भरून पाहिलं. मुकादमाने प्रार्थनेला तोंड उघडलं होतं. मग त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, त्याच्यासकट नऊच माणसं होती, आणि त्याने तोंड मिटलं.