महानंदाताईंचा निळा पट

आधी महानंदाताईंचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. त्यांच्यामागं मोहसीनभाईंचं आणि गिरीश सरांचंही घ्यायला हवं. पण त्या दोघांनी मदत केली ती आधी भरपूर विरोध करून, म्हणून त्यांचा नंबर नंतर.

मी नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेडजवळच्या खेड्यातला. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढं लातुरात एका बेकरीत भट्टीवर लागलो. रविवारी ताईंच्या घरी पाव पोचवायला जायचो. त्यांच्या सासरचं आडत दुकान होतं आणि त्याच्या माडीवर ताईंनी हौशी लोकांचा खेळ मांडलेला. चौकटी आखलेला भलामोठा कापडी पट, दोन राज्यं, चिंचोक्यांचं सैन्य, बाटलीच्या झाकणांच्या छावण्या. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे ओढलेली, गळ्यात इष्टलिंग असलेली ही पन्नाशीची बाई त्या पटावर ओणवी होऊन शत्रूला घेरत होती. पहिल्या दिवशी मी दारातच थबकलो.

"बघून काय राहिलास? बस खाली. एक गडी कमी हाय."

मी घाबरत एक चिंचोका सरकवला आणि लगेच मागं घ्यायला गेलो. ताईंनी हातावर चापट मारली. "न्हाई. हात सुटला, विषय मिटला."

हे त्यांचं नेहमीचं. वरणात मीठ जास्त पडलं तरी हेच म्हणायच्या, आणि ते ओतून न देता त्यात डाळ वाढवून तेच वरण सगळ्यांना वाढायच्या.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष. बेकरीला पाणी मिळेना, भट्टी दिवसाआड पेटायची. खोलीवर नुसतं बसलं की धास्ती वाढायची. भट्टी कायमची विझली तर गावी काय तोंड दाखवू? जीव थाऱ्यावर राहील अशी एकच जागा उरली होती, ताईंची माडी.

तेव्हाच ताईंनी स्पर्धा काढली. खेळायची नव्हे, खेळ रचायची. नांदेडलाही असं हौशी मंडळ होतं. एकानं पट रंगवायचा: डोंगर, नदी, रान. दुसऱ्या गावच्या जोडीदारानं त्यावर माणसं बसवायची आणि संकट घालायचं. कोणाला काय हवंय, कशानं जिंकायचं, ते त्यानं ठरवायचं. बाकीचे त्याला सिनॅरिओ म्हणत, ताई म्हणत प्रसंग. जोडीदारानं केलेलं पुसायचं नाही, एवढा एक नियम कडक. भाग घेणाऱ्या प्रत्येक गावाच्या नावाची पाटी भिंतीवर लागणार होती.

"लोकं म्हनतेत, एवढा दुष्काळ आन् ह्यांना खेळ सुचतोय," ताई म्हणाल्या. "हाव, सुचतोय. नळावर भांडत बसण्यापरीस बरं."

जोड्या लावायला नांदेडहून मोहसीनभाई आले. त्यांचं बॅनर छापायचं दुकान. माझं नाव येताच म्हणाले, "ताई, ये लातूर में रैता, लातूर का पानी पीता. नांदेड का कैसा हुआ?"

लातूरच्या बाजूनं गिरीश सर होते, क्लासमध्ये गणित शिकवणारे. ते म्हणाले, "गाव मुदखेड आहे त्याचं, आमच्याकडं कसा धरणार? आणि खरं सांगू का, नियम लिहून द्यावे लागतात. जमेल का त्याला?"

माझे कान तापले. "राहू द्या ताई," मी म्हणालो, "मी चहापावाचं बघतो."

"तू गप बस. उदगीरवाले जिल्हा व्हायच्या आधीच वेगळी पाटी मागून राहिले, त्यांना दिली का न्हाई? मग ह्याची बी पाटी. मुदखेड जिल्हा!"

"एक आदमी का जिल्हा? और कलेक्टर कौन?"

"कलेक्टर मी. ह्याची जोडीदारीन मी."

माडी ताईंची, पट ताईंचे. पण खेळाचा निकाल इतकी वर्षं पुरुषमंडळीच द्यायची. यंदा पहिल्यांदा परीक्षकाच्या खुर्चीत त्या बसणार होत्या. स्पर्धक झाल्यावर ते शक्य नव्हतं. त्यांनी खुर्ची उचलली आणि गिरीश सरांपुढं ठेवली.

पट उलगडले त्या दिवशी एकच हशा पिकला. सगळेच पट निळे! कोणी तळी काढलेली, कोणी दुथडी नद्या, कोणी अख्खा समुद्र. घागर घेऊन रांगेत उभं राहणाऱ्यांच्या हातात ब्रश दिल्यावर दुसरं काय होणार? चिंचोका ठेवायला कोरडी चौकट सापडेना.

"ताई, ये लढाई है के पोहायचा क्लास?" मोहसीनभाई डोळे पुसत म्हणाले. गिरीश सरांचं मत पडलं, सगळं रद्द करू, नवे पट काढू.

सगळ्यात निळा पट ताईंचाच होता. "माझं बी चुकलंय," त्या म्हणाल्या. "पण हात सुटला, विषय मिटला. पुसायचं न्हाई. जोडीदारानं निभवायचं." आणि माझ्याकडं वळल्या. "चल विलासा. बुडवलंय मी, काढ तू."

आता जमलं नाही तर गिरीश सरांचं म्हणणं खरं ठरणार होतं. आणि माडीवर पुन्हा पाव ठेवून खाली उतरायचं, एवढंच माझ्याकडं उरणार होतं. दोन कोपऱ्यांत दोन गावं बसवली. मधल्या पाण्यात काडेपेटीची एकच होडी ठेवली आणि वाकड्या अक्षरात नियम लिहिला: होडी हलवायची तर दोन्ही गावांचा एकेक माणूस वल्ह्यावर हवा.

मोहसीनभाई आणि एक उदगीरकर समोरासमोर बसले.

"आधी माझ्या काठाला."

"होडी तेरे बाप की है क्या?"

"मग बस पाण्यात!"

भांडले, रुसले, पण वल्ही मारायला दोघंच. चहा निवला तरी कोणी उठेना. शेवटी दोन्ही गावांची धान्याची पोती पार झाली आणि लढाई राहूनच गेली.

गिरीश सरांनी चष्मा काढला. "यात कोणी जिंकतच नाही. नियमाप्रमाणे हा प्रसंग बाद."

"बाद तर बाद," ताई म्हणाल्या. "पण खेळलात का न्हाई?"

सर हसले. मला म्हणाले, "आधी शेवट ठरवायचा, मग नियम लिहायचे. रविवारी लवकर ये, दाखवतो." मुदखेडची पाटी भिंतीवर राहिली.

पुढं भट्टी विझलीच. मोहसीनभाईंनी सुरतेच्या एका ओळखीच्या बेकरीत माझ्यासाठी शब्द टाकला. ताई स्टँडवर आल्या, हातात दशम्या. मी म्हणालो, "ताई, माझ्यापायी तुमची खुर्ची गेली."

"खुर्ची काय पळून चालली का? चढ, गाडी सुटून राहिली."

इथं सुरतेत आम्ही चार-पाच कामगार रविवारी पट मांडतो. अजून चुकतो, अजून धास्तावतो. पण ताई, शब्द देतो. इथं एक दिवस स्पर्धा भरवीन, तुम्हाला न्यायला मी स्वतः लातूरला येईन आणि परीक्षकाच्या खुर्चीत तुम्हालाच बसवीन. मग पहिला माझाच प्रसंग बाद केलात तरी चालेल.