गौण पात्र

"गंगू मोलकरणीचं तूच वाच. तुझ्या घरचंच आहे."

बाई म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला. मी पुस्तकात तोंड घातलं.

बडोद्यातलं मराठी टिकावं म्हणून बाई अलकापुरीतल्या त्यांच्या घरी दर रविवारी मुलांना गोष्टी वाचायला शिकवायच्या. पूर्वज संस्थानात मोठे अधिकारी, हे येताजाता ऐकवायच्या. माझी आई त्यांच्याकडे भांडी घासायची, म्हणून मला फुकट बसायला मिळायचं. तेही दाराशी. गोष्ट वाटून वाचायची, ही तिथली रीत. कुणी नायिका, कुणी तिचा नवरा. मला मोलकरीण. दर वेळी. गोष्ट बदलायची, माझं वाक्य तेच. "जी बाईसाहेब."

मला निवेदन हवं होतं. सगळी गोष्ट सांगतो तो निवेदक, हे बाईंनीच शिकवलेलं. छाणीच्या आमच्या खोलीत मी उतारेच्या उतारे मोठ्यानं वाचून घोटले होते. वार्षिक कार्यक्रमासाठी मागितलं, तर म्हणाल्या, "तुझे उच्चार चालायचे नाहीत." आमच्या बोलण्यात गुजराती येतं, एवढाच माझा गुन्हा. त्यांच्या नातवाला धड जोडाक्षर वाचता येत नव्हतं. निवेदक तोच.

त्या रविवारी बाई गौण पात्र शिकवत होत्या.

"जिच्यावाचून काही अडत नाही, ती गौण. ही गंगू बघा. काढून टाकली तरी चालतं."

बोलताना माझ्याकडेच बघत होत्या.

आई तापानं फणफणली होती, तिनं रजा पाडली होती. वर्ग सुटला, पोरं चपला घालू लागली, तशी बाईंनी मला थांबवलं.

"आई आली नाही तर सगळं अडलंय बघ. मोरी भरून पडलीय. तेवढी भांडी घासून जा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"गौण पात्रावाचून अडलं कसं, बाई?"

पोरं दारातच थबकली. बाईंचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. "पुढच्या रविवारी येऊ नकोस. आईलाही सांग."

सांगितलं. आई अंथरुणातूनच म्हणाली, "बेटा, तू बोललीस आणि काम माझं गेलं ना." ती रडली. तिला दुसरं घर मिळेपर्यंत आमचे हाल झाले. ते मी विसरलेली नाही. तरी त्या भांड्यांना मी हात लावला नसता. आजही लावणार नाही.

आता मी लिहिते. बाई माझ्या गोष्टीत आहेत. त्यांना दोन शब्दांहून जास्त बोलू दिलंय. पण गोष्ट मी सांगते. ते काम आता कुणाकडे मागणार नाही, आणि कुणाला देणारही नाही.