एल्विनची टाकी

एल्विन प्रॅटने सारी उमर अमेरिकेतल्या वर्माँटच्या एका डेअरीत, रेल्वेच्या डब्यांत दूध भरण्यात घालवली. पुढे दूध ट्रकने जाऊ लागलं, डबे भंगारात निघाले. निरोप देताना साहेबांनी विचारलं, घड्याळ हवं की आरामखुर्ची? एल्विनने टाकी मागितली. डब्याच्या पोटातली, आतून काचेचा मुलामा आणि बाहेरून बुचाची जाड गोधडी पांघरलेली अख्खी टाकी.

ती अंगणात येऊन बसली त्या दिवसापासून त्याची बायको लॉरेन तिला ‘सवत’ म्हणू लागली. वसंताच्या तोंडावर मेपलच्या झाडांतून जो गोड रस पाझरतो आणि आटवला की पाक होतो, तो एल्विन तिच्यात साठवायचा. दूध गार ठेवणारी रसही गार ठेवील, एवढंच त्याचं म्हणणं. शेजारचा हॉलिस बर्बँक रोज कुंपणाशी येऊन चौकशी करायचा, "काय रे, आज गाय दूध देतेय का?"

मार्चमधल्या एका दुपारी तो या चौकशीत जरा जास्तच रमला. बोलता बोलता नाक वर करून म्हणाला, "कुणाचं तरी करपतंय." आणि मग त्याचाच चेहरा पडला. त्याच्या गुऱ्हाळात पाकाची काहील चुलीवर एकटीच होती.

काहिलीचा तळ गेला. तळ सांधणारा जोडारी म्हणाला, आठवडाभराने बघू. इकडे ऊन तापलेलं, झाडांतून रस धो धो गळत होता, आणि तो उघड्यावर दोन दिवसही टिकत नाही. हॉलिसची वर्षाची कमाई बादल्यांत नासायला टेकली होती.

संध्याकाळी तो टोपी हातात फिरवत एल्विनच्या दारात उभा राहिला. एल्विनने थोडी मजा घेतली, नाही असं नाही. मग म्हणाला, "आण बादल्या. गाईला तहान लागलीय."

आपला थोडासा रस एल्विनने आपल्या छोट्या काहिलीत कालच आटवला होता, त्यामुळे टाकी रिकामीच होती. दुधाच्या जुन्या कॅनमध्ये सावलीत साचून राहिलेला बर्फ ठासून एल्विनने ते कॅन टाकीत सोडले, रोज बदलले. लॉरेनही न कुरकुरता फावडं घेऊन आली. काहील सांधून आली तेव्हा रस झऱ्याच्या पाण्यासारखा गार आणि नितळ निघाला. हॉलिसने तो चाखला आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

तेव्हापासून दर वसंतात पाकाचा पहिला डबा हॉलिस एल्विनकडे आणतो. पण आधी अंगणात जातो, टोपी काढतो आणि टाकीची पाठ थोपटतो. एल्विन खिडकीतून बघत असतो. घड्याळ घेतलं असतं तर त्याची पाठ कोण थोपटणार होतं?

तिकडच्या रिवाजाप्रमाणे बर्फावर गरम पाक ओतून, सोबत लोणच्याची आंबट काकडी मांडून लॉरेन हाक मारते, "सवतीला भेटून झालं असेल तर आत ये, हॉलिस. डोनट गार होताहेत."