इतर परिस्थिती कायम असताना

सोनकांबळे सर मागणीचा नियम शिकवताना ‘इतर परिस्थिती कायम असताना’ एवढं म्हणायचे आणि थांबायचे. हातात खडू, नजर वर्गावर. कोणीतरी हसेल म्हणून वाट बघायचे. बेलापूरच्या कॉलेजात बी.कॉम.ला आमच्यातलं कोणीच हसलं नाही. मी तर ते शब्द वहीत उतरवून खाली पट्टीने रेघ मारली होती.

पुढे सर आमच्याच सोसायटीत राहायला आले. तोवर मी सोसायटीचा खजिनदार झालो होतो आणि स्वतःच्या समजुतीने घरचा अर्थमंत्री. सरांचं संशोधन दिघ्यातल्या भाड्याच्या खोल्यांवर. माणसं एक खोली सोडून दुसरी का धरतात, हे विचारत ते गल्ल्यांतून हिंडायचे. “आपला अंदाज चुकला की बरं वाटतं,” म्हणायचे. “समोरचा माणूस जिता हाय, हे कळतं.”

माझी मुलगी मुक्ता त्यांच्याबरोबर दिघ्यात जाऊ लागली आणि एक दिवस म्हणाली, “सीए नाही करणार. अर्थशास्त्रात एम.ए. करते.” मी तिच्या पुढच्या तीस वर्षांचा तक्ता केला आणि सरांकडे नेला. ते तिला समजावतील, अशी माझी खात्री होती.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून सगळा तक्ता वाचला.

“हे काय करायलात, राणे?”

“अंदाज, सर. एम.ए. होऊन मुलं तासिका तत्त्वावर राहतात. शिकवलेल्या तासाचे पैसे, सुट्टीत काही नाही.”

“बरोबर हाय. मीबी तसाच लागलो होतो. पण तुम्ही ह्यात सगळंच कायम धरलंय. पोरीलासुद्धा. तिला विचारलं का?”

“तिला काय विचारायचं? तक्ता तिच्यासाठीच आहे.”

असं मी खरोखर म्हणालो. सर डोळे पुसेपर्यंत हसले.

मुक्ताने एम.ए. केलं. तिच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसायचं सरांनी कबूल केलं होतं. गेल्या थंडीत ते गेले. त्यांच्याच कॉलेजात ती लागली, तासिका तत्त्वावर. माझा अंदाज खरा ठरला, हे मी घरात सांगून पाहिलं. कोणी दाद दिली नाही.

पहिल्या दिवशी तिचा डबा गाडीत राहिला. म्हणजे राहिलेला दिसला, तरी मी बोललो नाही. तो द्यायच्या निमित्ताने वर गेलो आणि वर्गाबाहेर उभा राहिलो. आत मुक्ता म्हणाली, “इतर परिस्थिती कायम असताना,” आणि थांबली.

वर्गात सगळे लिहून घेत होते. बाहेर मी हसलो, जरा मोठ्यानेच. शिपायाने येऊन मला खाली थांबायला सांगितलं.