एकसष्टावी जागा

ऑलिंपियादा सावेल्येव्हना या लांबलचक नावाने लिपाला पहिल्यांदा हाक मारली ती शाळेतल्या पोरींनी, आणि तोवर ती चाळिशीला टेकली होती. त्याआधी ती सगळ्यांची लिपाच होती. प्राध्यापक श्टोल्ट्झची तेवढी लिपोच्का.

ती वोलोग्दाची. आई लेस विणायची, लिपाही विणायची. चोवीस साली लेनिनग्राडला आली, तेव्हा कुणीतरी तिला वासिल्येव्स्की बेटावरच्या एका प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लावून दिलं. आठवड्याभराने वेनियामिन कार्लोविच श्टोल्ट्झ तिच्यापाशी येऊन उभे राहिले. बुटके, दाढीत नेहमी पावाचा चुरा.

"लेस विणतेस म्हणे? एका पट्टीत टाके किती?"

"चारशेच्या वर असतात."

"चुकतेस?"

"चुकलं तर उसवते."

"बाटल्या ठेव खाली," ते म्हणाले. "चल माझ्याबरोबर."

भिंतीवर मूलद्रव्यांचा मोठा तक्ता होता. त्यातल्या एका रिकाम्या चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं. "ही साठावी जागा, ही बासष्टावी. मधली बघ. कुणी नाही. पण असणार! मेंडेलीव्हने याच बेटावर बसून जागा मोकळ्या सोडल्या, तेव्हा लोक फिदीफिदी हसले. पंधरा वर्षांत तीन जागांचे मालक हजर झाले, त्याने सांगितलेलं वजन आणि स्वभाव घेऊन."

"मग हा का नाही आला?"

"भावंडांत लपलाय. बाकी तक्त्यात एक घर पुढे सरकलं की स्वभाव बदलतो. इथला धातू पाण्यात पेट घेतो, तिथला वायू कशाशीच बोलत नाही. पण हे पंधरा जण म्हणजे जुळीच जणू. घर पुढे सरकावं तसा अणू जरासा आकसतो, एवढाच काय तो फरक. त्यामुळे एकाच्या क्षाराचे स्फटिक दुसऱ्यापेक्षा किंचित आधी बनतात. त्या किंचितावर त्यांना वेगळं करायचं."

ते करायचं काम लिपाचं. खनिजातून काढलेला क्षार कोमट पाण्यात विरघळवायचा, थंड करायचा. खाली बसलेले स्फटिक डावीकडच्या बशीत, वर राहिलेलं पाणी उजवीकडच्या. मग पुन्हा ऊब, पुन्हा गारवा. चाळीस बशांची रांग. महिने गेले तशी डावीकडची टोकं जांभळट गुलाबी झाली, उजवीकडची फिकट पिवळी. मध्ये, विसाव्या बशीच्या आसपास, तो लपलेला असायला हवा होता. त्या बशीतलं द्रावण दिव्यापुढे धरून प्राध्यापक यंत्रातून प्रकाशाचे रंग बघत, आणि रंगांवर ओळखीची नसलेली काळी रेघ, म्हणजे नव्या मूलद्रव्याची खूण, उमटते का ते शोधत. अशी चार वर्षं गेली.

या चार वर्षांत तिला स्तेपान भेटला. जहाजांच्या कारखान्यात रिबिटं ठोकायचा, मोठ्या आवाजाचा, हसरा. रविवारी दोघं नेव्हा नदीच्या काठी फिरत.

"तुझ्या बोटांना कसला वास येतो गं?"

"आम्लाचा."

"लग्नानंतर कोबीचा आला तरी चालेल मला."

"आधी विचार तरी!"

"विचारतोय की. मुर्मान्स्कला नवी गोदी होतेय, मला बोलावलंय. चल. बशा तिथेही मिळतील घासायला."

"घासायच्या बशा नव्हेत त्या."

"बरं बाई, पूजेच्या."

ती हसली, पण हो म्हणाली नाही. अठ्ठावीसच्या फेब्रुवारीत प्राध्यापक यंत्रावरून ताडकन उठले. "दिसली! लिपोच्का, रेघ दिसली! पुसट आहे, पण आहे!" त्यांनी तिचे दोन्ही हात धरून तिला खोलीभर फिरवलं. लिपाने डोळा लावला. तिला नक्की काही कळलं नाही. पण त्यांना दिसली होती, तेवढं तिला पुरे होतं.

स्तेपानची गाडी मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी सुटणार होती. निरोपाला यायचं तिने कबूल केलं होतं. जमलंच तर 'हो'ही तिथेच सांगणार होती. हातातली कामं ती भराभर उरकत होती. बशा विसळलेलं पाणी मोरीत ओतलं आणि बशी जागेवर ठेवताना तिच्या लक्षात आलं, ही धुण्याची बशी नव्हे. विसावी. चार वर्षांचं सगळं पाणी तिने मोरीत घातलं होतं.

 मग एकोणिसाव्या आणि एकविसाव्या बशीतून थोडं थोडं घेऊन तिने विसावी भरली. रंग जुळला. चुकलं तर उसवणारी लिपा पहिल्यांदाच चूक झाकून मोकळी झाली. स्टेशनवर पोचली तेव्हा फलाट रिकामा होता.

त्यानंतर ती रेघ प्राध्यापकांना पुन्हा कधी दिसली नाही. महिना, सहा महिने, वर्ष. एका सभेत कुणीतरी म्हणालं, "श्टोल्ट्झना रेघा दिसतात त्या चष्म्यावरच्या ओरखड्यांच्या," आणि सगळी खोली हसली. परत येताना ते जिन्यात थांबले. "माझे डोळेच म्हातारे झाले, लिपोच्का. तेव्हाही चुकलेच असतील."

"नाही हो," ती म्हणाली. "तुमचे डोळे नव्हे." मग पुढच्या पायरीसाठी तिने त्यांना हात दिला.

स्तेपानची तीन पत्रं आली. तिसऱ्यात लिहिलं होतं, 'निदान "नाही" तरी लिही.' तिने तेही लिहिलं नाही. आपण हरवलेलं आपणच पुन्हा गोळा करायचं, तोवर सुखाचा विचारही करायचा नाही, असं तिने मनाशी बांधलं होतं. आणखी आठ वर्षं ती बशांपुढे बसली. बोटांची कातडी सोलवटली, पाठीला पोक आलं. स्तेपानने तिकडे दुसरीशी संसार मांडला. पुढे युद्धात तो गेल्याचं त्याच्या बहिणीने कळवलं.

छत्तीसच्या हिवाळ्यात प्राध्यापकांनी अंथरूण धरलं. लिपा रोज सूप घेऊन जायची. सांगायचं ठरवूनच जायची. एके दिवशी तिने सुरुवात केली, "वेनियामिन कार्लोविच, त्या विसाव्या बशीचं..."

"विसावी सांभाळ," ते पुटपुटले. "तुझ्या हातून कधी थेंब सांडला नाही." आणि तिचा हात थोपटत राहिले. तिने सूपाचा चमचा त्यांच्या ओठांशी नेला. आठवड्याने ते गेले. काम बंद झालं, बशा दुसऱ्या कुणी धुऊन नेल्या.

लिपा शाळेच्या प्रयोगशाळेत लागली. युद्धात जर्मनांनी शहराला घातलेल्या वेढ्याच्या वर्षांतून कशीबशी जगली. युद्धानंतर शाळेत रिम्मा ल्वोव्हना नावाची तरुण शिक्षिका आली; वाचायची फार, आणि वाचलेलं सांगितल्याशिवाय तिला राहवत नसे. एकोणपन्नासच्या वसंतात ती मासिक नाचवत आत आली.

"ऑलिंपियादा सावेल्येव्हना, ऐकलंत? एकसष्टावं मूलद्रव्य मिळालं! अणुभट्टीत!"

लिपाच्या हातातली नळी स्थिर राहिली. "भट्टीत? मातीत नाही?"

"मातीत कुठलं! ते टिकतच नाही. दोन-अडीच वर्षांत अर्धं विरतं, मग उरलेल्याचं अर्धं. पृथ्वी झाली तेव्हा असलंच तर कधीच संपलं. आणि लोक बिचारे वर्षानुवर्षं खनिजं उकळत बसले!"

"म्हणजे," लिपाने सावकाश विचारलं, "एखादीने ते चुकून ओतून दिलं, असं होऊच शकत नाही?"

"नसलेलं कसं ओतणार?" रिम्मा हसली, आणि मग लिपाच्या चेहऱ्याकडे बघून तिने स्टूल पुढे सरकवलं. "काय झालं? बसा, बसा ना."

लिपा बसली. एकवीस वर्षं उरावर धरलेला धोंडा कुणी उचलून नेला होता, आणि त्याखाली काहीच नव्हतं. स्तेपान नव्हता, पत्रं नव्हती. मोरीत गेलं ते नुसतं क्षाराचं पाणी होतं. ते भरून काढायला म्हणून तिने सगळं देऊन टाकलं होतं.

रविवारी ती स्मोलेन्स्कोये कबरस्तानात गेली. वेढ्यात लाकडी क्रूस लोकांनी चुलीत घातले होते. श्टोल्ट्झची जागा नेमकी कुठली, ते तिला सापडेना. दोन बर्चच्या झाडांमध्ये अंदाजाने उभं राहून तिने त्या मंगळवारची सगळी हकीकत सांगितली, बशीपासून फलाटापर्यंत. मग तिचा आवाज चढला.

"तुम्हाला काय दिसलं होतं हो? काय दिसलं होतं त्या दिवशी? नक्की नव्हतं तर 'दिसली' का म्हणालात?"

इतक्या वर्षांत ती त्यांच्यावर पहिल्यांदाच रागावली होती. बाजूच्या थडग्यावरचं गवत काढणारी म्हातारी वळून बघायला लागली. लिपाने रुमालाने तोंड पुसलं, तिच्याजवळ जाऊन खाली बसली आणि तिच्याबरोबर गवत उपटू लागली.