शिवणकाकूंचे दोन अहवाल

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असतं. माझ्या वाट्याला शिवणकाकू आल्या. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत पलंगावर काका, अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. काकू गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला, पण काकांना एकटं टाकून जाणार कशा? सरकारी योजनेतून दिवसा मदतनीस मिळाला तरच नोकरी टिकणार होती. कारखान्याने पुढच्या महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. आणि अर्जासोबत लागत होता माझा गृहभेटीचा अहवाल.

मी येणार म्हणून काकूंनी घर लखलखीत केलं होतं. काकांना इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी काहीही विचारलं की उत्तर एकच, "जमतं गं. त्यात काय एवढं!"

आमच्या मॅडमनी वर्षभर डोक्यात भरवलं होतं की माणसाच्या उणिवा उगाळत बसू नका, त्याचं बळ लिहा. मी लिहिलं. अगदी पोटभर लिहिलं. काकू खंबीर आहेत, हसतमुख आहेत, नवऱ्याचं सगळं प्रेमाने आणि एकटीने करतात. मॅडमनी अहवाल वर्गात वाचून दाखवला, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

पंधरा दिवसांत अर्ज नामंजूर. कारण लिहिलेलं, 'कुटुंब सक्षम आहे.'

मी तणतणत योजनेच्या कार्यालयात गेले. साहेबांनी शांतपणे माझाच अहवाल माझ्यापुढे सरकवला. "एकटीने करतात, असं तुम्हीच लिहिलंय ना? मग मदतनीस कशाला?"

मॅडमकडे गेले तर त्या म्हणाल्या, "अगं, बळ लिहायचं, पण गरजही लिहायची." हे आधी सांगायला यांच्या तोंडाला काय कुलूप होतं? पण खरा राग माझाच मला येत होता. शाबासकीच्या नादात मी काकूंच्या पायावर धोंडा पाडला होता.

फेरविचारासाठी नवा अहवाल द्यायला आठ दिवस होते. या वेळी मी न कळवता गेले. दार उघडंच होतं. काका पलंगावरून घसरून खाली पडलेले आणि काकू त्यांच्या काखेत हात घालून ओढत होत्या. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. आम्ही दोघींनी मिळून त्यांना वर घेतलं. काकूंचं मनगट सुजलं होतं.

"आता खरं काय ते सांगा," मी जरा चिडूनच म्हणाले.

मग त्या स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या राहून हळू आवाजात बोलल्या, आणि मी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. 'आता माझ्याच्याने होत नाही. कधीकधी वाटतं, कुठेतरी निघून जावं.' खाली त्यांनी सही केली.

मदतनीस मंजूर झाला, मुदतीच्या चार दिवस आधी. पुढच्या फील्डवर्कच्या दिवशी मी उड्या मारत तिसरा मजला चढले. काकू दारातच उभ्या होत्या. चेहरा उतरलेला.

"मंजुरीच्या पत्राला तुझा कागद जोडलेला होता," त्या म्हणाल्या. "मी भाजी आणायला गेले होते. पोस्टमनने पाकीट यांच्याच हातात दिलं, यांनी उघडलं. सगळं वाचलं. तीन दिवस झाले, माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या हातचं खातही नाहीत, मदतनीस बाई भरवते तेव्हा खातात."

"मी समजावू का काकांना?" मी विचारलं.

"नको. तू पहिल्यांदा लिहिलं होतंस ना, प्रेमाने करते म्हणून? तो कागद मिळेल का? यांना दाखवते."

मी तशीच कार्यालयात गेले. साहेबांनी संगणकात पाहिलं. दुसरा अहवाल दाखल झाला की पहिला रद्द होतो, म्हणाले, आणि रद्द कागदाची प्रत कुणाला देता येत नाही.